सोमीमायचा डोळा व्हिएन्नाला नेला त्याची हकीकत

आम्ही परत येऊन चार महिने होत आले, तरी जव्हारच्या बाजारात पाय ठेवला की कोणी ना कोणी मला थांबवतंच. विचारणं ठरलेलं असतं. तिकडे खाल्लंत काय, थंडी किती होती, आणि सोमीमायला खरंच दिसायला लागलं का? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं मी इतक्या वेळा दिली आहेत, की माझी मलाच ती खोटी वाटू लागली आहेत. म्हणून सगळं एकदाच लिहून काढते. ज्याला हवं त्याने वाचावं, आणि मला माझी भाजी घेऊ द्यावी.

जव्हार

सोमीमाय ही आमच्या महाराजांची दाई. महाराज जन्मले तेव्हा त्यांच्या मातोश्री आजारी पडल्या, म्हणून सूर्यमाळेहून ही बाई आणली. तिने दोन वर्षं महाराजांना अंगावर पाजलं, आणि ते पायावर चालू लागल्याबरोबर आपलं गाठोडं उचलून डोंगरावर परत गेली. राजवाड्यात खोली देऊ केली होती, ती तिने घेतली नाही. सूर्यमाळ पडते मोखाड्याकडे, इंग्रजी हद्दीत. पण दुधाला हद्द नसते असं महाराजच म्हणतात. दर दसऱ्याला ती चालत जव्हारला यायची, भर दरबारात महाराजांच्या गालावरून हात फिरवायची, 'सुकलास रं' म्हणायची आणि परत जायची. महाराजांना असं म्हणायची छाती दुसऱ्या कोणाची नाही. आणि खरं सांगायचं तर महाराज सुकलेलेही नाहीत.

तिच्या पाड्यावर तिचं एक मोठं काम होतं. कापणीआधी शेताशेतातून हिंडून नागलीची, म्हणजे नाचणीची, आणि भाताची बियाण्याची कणसं निवडायची. कुठल्या कणसाला कीड आहे, कुठलं भरल्यासारखं दिसतं पण आत फोल आहे, हे तिला नुसत्या नजरेने कळायचं. आसपासच्या चार पाड्यांत तिने निवडल्याशिवाय कोणी बी ठेवत नसे. तिचा डावा डोळा तरुणपणीच गेलेला. सगळं चालायचं ते उजव्यावर.

गेल्या वर्षीच्या दसऱ्याला तिने महाराजांच्या ऐवजी दिवाणसाहेबांच्या गालावरून हात फिरवला आणि 'सुकलास रं' म्हणाली. दिवाणसाहेबांच्या मिशा थरथरल्या. दरबार हसला. महाराज मात्र हसले नाहीत. दुसऱ्याच दिवशी त्यांनी ह्यांना, म्हणजे संस्थानच्या दवाखान्याचे डॉक्टर असलेल्या माझ्या यजमानांना, बोलावून घेतलं. ह्यांनी भिंग लावून दहा वेळा तपासलं. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू होता, पण साधा नव्हता; आतली बाहुली कशाला तरी चिकटून बसली होती. मुंबईच्या मोठ्या डॉक्टरांनी हात लावायला नकार दिला आणि सांगितलं, की असले डोळे व्हिएन्ना शहरात एक म्हातारे प्रोफेसर आपल्या खाजगी दवाखान्यात सोडवतात. महाराज म्हणाले, "मग तिथे न्या."

सोमीमायला विचारलं तर तिने दोनच गोष्टी विचारल्या. "ही बाय येतंय का संगाती?" हे माझ्याविषयी. आणि, "मिरगाच्या आधी परत येवू ना? पेरा हाय." ह्यांनी मोठ्या तोऱ्यात बोटांवर महिने मोजले आणि हो म्हणून टाकलं.

होळी झाली आणि आम्ही निघालो. गावाबाहेरच्या शिरपामाळावर तिने गाडी थांबवायला लावली. खाली उतरली, तिथल्या मानाच्या दगडाला हात लावला, आणि डोंगरांच्या दिशेने तोंड करून उभी राहिली. तिला काहीच दिसत नव्हतं, पण वाऱ्यावर राबाचा धूर येत होता. पालापाचोळा जाळून भाताच्या रोपांसाठी जमीन भाजायचे ते दिवस. "बांद्याच्या वावरात भाजतात," ती म्हणाली. तिने कसं ओळखलं ते मी विचारलं नाही, कारण माझं लक्ष ह्यांच्या नव्या पगडीकडे होतं, आणि ती पगडी ह्या प्रवासात फार दिवस टिकणार नव्हती.

ट्रिएस्ट

बोटीचे दिवस मी गाळते. त्यातले निम्मे मी डोळे मिटून काढले, आणि उरलेले निम्मे आपण का मेलो नाही ह्या आश्चर्यात. सोमीमायला मात्र काही झालं नाही. ती पाय पसरून बसायची आणि सोबत आणलेल्या नागलीच्या पिठाची भाकरी खुरासणीच्या चटणीशी खायची. "झोल्यात बसल्यावानी वाटतंय," म्हणायची.

ट्रिएस्ट हे ऑस्ट्रियाच्या बादशहाचं बंदर. तिथे उतरलो त्या दिवशी असा वारा सुटला होता की धक्क्यावर माणसांनी धरून चालावं म्हणून दोर बांधले होते. ह्यांनी दोर धरायचं नाकारलं. पुरुषाने दोर धरून चालणं बरं दिसत नाही म्हणे. पुढच्या क्षणी ह्यांची पगडी समुद्रात होती, आणि दोन खलाशी तिला मोठ्या आदराने निरोप देत होते. बिनपगडीच्या ह्यांना मी घराबाहेर पहिल्यांदाच पाहत होते. मी तोंडाला पदर लावला. सोमीमायला मी सांगितलं काय झालं ते, तर ती आगगाडी सुटेपर्यंत हसत होती. ह्यांनी एका दुकानातून एक काळी टोपी घेतली, आणि पुढे तीन महिने तीच घातली.

व्हिएन्ना

शहराचं वर्णन मला जमणार नाही. घरं पाच-पाच मजली, रस्ते धुऊन काढल्यासारखे, आणि माणसं उगाच बोलत नाहीत. पण जिन्यात कोणीही भेटलं, ओळखीचं असो वा नसो, की 'देव तुझं भलं करो' अशा अर्थाचं काहीतरी म्हणून पुढे जातात. सोमीमायने त्याला पहिल्याच दिवशी 'राम राम' असं उत्तर दिलं आणि ते चालून गेलं. आठवड्याभरात आमच्या घरमालकीण फ्राऊ हेडविग स्वतःच 'राम राम' म्हणू लागल्या.

ह्या फ्राऊ हेडविग म्हणजे जाडजूड, लालबुंद गालांच्या विधवा बाई. विधवा असून रंगीत कपडे घालत, गिरणीवाल्याशी मोठमोठ्याने हुज्जत घालत, आणि कोणी त्यांना काही म्हणत नसे. मला ते पहिले दोन दिवस चमत्कारिक वाटलं, तिसऱ्या दिवसापासून फार बरं वाटायला लागलं. त्यांनी आम्हाला पिठाचे उकडलेले मोठे गोळे वाढले. आमच्या उकडीच्या मोदकांसारखे असतील म्हणून मी आशेने घेतले, तर आत ना गूळ ना खोबरं. ह्यांनी चार खाल्ले आणि पौष्टिक आहेत म्हणाले. सोमीमायने एक खाल्ला आणि चुलीपुढे जाऊन बसली. चाचपडत तवा शोधला, पीठ मळलं आणि थापून भाकरी टाकली. फ्राऊ हेडविगनी ती काळपट भाकरी उलटसुलट पाहिली, तिच्यावर बोटभर लोणी फासलं, आणि खाऊन डोळे मिटले. त्या दिवसापासून आमची नागली दुप्पट वेगाने संपू लागली.

सोमीमायचं लुगडं आमच्या डोंगरी पद्धतीचं, गुडघ्याच्या वर. ती रस्त्याने निघाली की माणसं थांबून बघत. मला मेल्याहून मेल्यासारखं होई. तिला मी तसं म्हटलं, तर ती म्हणाली, "ते मला बघतात ते मला कुठं दिसतंय? मंग मला काय त्याचा?" फ्राऊ हेडविगनी तिला लोकरीचे पायमोजे विणून दिले. ते तिने गुडघ्यापर्यंत चढवले आणि रात्रंदिवस काढले नाहीत.

आमच्या घराजवळ एक मोठी बाग होती. एका सकाळी तिथले माळी सुकी पानं गोळा करून जाळत होते. सोमीमाय थांबली. हुंगलं. "इथं पण राब भाजतात?" तिने विचारलं, आणि त्या दिवशी तिला पहिल्यांदा घरची इतकी आठवण झाली, की ती बाकावर बसून राहिली. मी तिच्याजवळ बसले. मलाही घरची आठवण झाली होती, पण मला रडायला कारण नव्हतं, म्हणून मी तिचा हात धरला.

दवाखान्यात

प्रोफेसर सत्तरीचे असावेत. लहानखुरे, वाकलेले, दाढी पांढरी. हात मात्र एखाद्या तरण्या सोनाराचे. तोडकं-मोडकं इंग्रजी बोलत. ते विचारत, हे मराठीत सोमीमायला सांगत, आणि सोमीमाय गप्प.

डोळा दुखतो का? गप्प. लाल होतो का? कधी होतो? गप्प. डावा डोळा कसा गेला? गप्प. ती अगदी ताठ बसलेली, पदराशी काहीतरी मुठीत घट्ट धरलेलं, चेहरा शांत. जव्हारलाही ती ह्यांना असंच काही सांगत नसे. 'बरा हाय' एवढंच. ह्यांनी आपल्या कागदांवर 'डावा डोळा तापात गेला' असं अंदाजाने लिहून टाकलं होतं.

पहिला दिवस गेला, दुसरा गेला. तिसऱ्या दिवशी हे चिडले. "माय, साता समुद्रापलीकडे आणलंय तुला. तोंड उघड की!" तिने ह्यांच्याकडे अशी मान वळवली, जशी एखाद्या अडाणी पोराकडे वळवावी.

प्रोफेसरांनी चष्मा काढून पुसला आणि शांतपणे सांगितलं: डाव्या डोळ्यावर जुनी जखम आहे. ती कशाची, आणि अजून पेट घेते का, हे कळल्याशिवाय मी उजव्याला सुरी लावणार नाही. जुन्या डोळ्यातली आग कधी कधी चांगल्या डोळ्यात उतरते. आज मी घाई केली तर दोन्ही जातील. रुग्ण बोलणार नसेल तर तुम्ही परत जावं हे उत्तम.

 घरी आल्या आल्या ह्यांनी ती काळी टोपी पलंगावर फेकली.

संध्याकाळी मी तिच्या केसांना तेल लावायला बसले आणि विचारलं, "माय, का गं बोलत नाहीस?"

"त्यानं तांदुल कुठं मांगले?"

"कसले तांदूळ?"

तिने पदराची गाठ सोडली. पळसाच्या सुक्या पानात बांधलेली पुडी निघाली. तीन दिवस ती मुठीत धरून बसत होती ती हीच. "घरून निघाले तवाच आनलेत. रातीला उशाखाली ठेवते, सकाली डोल्यावरून उतरवते. तो मांगंल तं द्यायाचे. पन तो मांगतच नाय. नुसता इचारतंय, काय दुखतंय, काय दुखतंय."

आणि मग मला आठवलं. जव्हारात आमच्या दवाखान्याच्या समोरून बायका ज्या पुड्या घेऊन भगताकडे जातात, त्या मी रोज पाहत होते. भगताकडे गेलं की आजारी माणूस तोंड उघडत नाही. आजाऱ्याच्या अंगावरून उतरवलेले तांदूळ पुढे ठेवायचे. भगत ते निरखतो आणि काय झालंय ते तोच सांगतो.

"पण माय, हा डॉक्टर आहे, भगत नाही."

"तं काय झाला? आपनच सांगाचा, तं त्याला कशाला इचाराचा?" ती म्हणाली. "मी सांगते डोला असा गेला, मंग तो म्हनंल असाच गेला. ह्यात त्याचा काय गुन? अशाच्या हातात सुरी कशी द्याची, बाय?"

मी हे ह्यांना सांगितलं तेव्हा ह्यांनी दोन्ही हातांनी डोकं धरलं. प्रोफेसरांपुढे हे बोलायचं नाही अशी मला तंबी दिली. आपल्या देशाचं हसं होईल, संस्थानचं होईल, माझं होईल. मी म्हटलं, तुमची पगडी गेली तेव्हाच आपल्या देशाचं व्हायचं तेवढं हसं झालंय. सकाळी दवाखान्यात ह्यांच्या आधी मीच बोलले. माझं इंग्रजी म्हणजे जव्हारच्या मिशनबाईकडे वर्षभर शिकलेलं. पण 'राइस' आणि 'प्लीज' एवढं मला येत होतं. बाकीचं हाताने सांगितलं. हे खिडकीबाहेर बघत उभे राहिले.

प्रोफेसर हसले नाहीत. त्यांनी ह्यांच्याकडे वळून काही सांगितलं, आणि ह्यांनी ते नाइलाजाने मला मराठीत सांगितलं. प्रोफेसरांचं गाव डोंगरात होतं. त्यांची आजी आजाऱ्याच्या डोक्यावर पाण्याचं भांडं धरून त्यात वितळलेलं मेण ओतायची, आणि मेणाचा जो आकार होईल त्यावरून दुखणं सांगायची. निम्म्या वेळा बरोबर निघायचं. "कारण मेण ओतेपर्यंत ती आजाऱ्याकडे नीट बघत असायची," असं ते म्हणाले.

मग त्यांनी हात पुढे केला. सोमीमायने पुडी त्यांच्या तळहातावर ठेवली. त्यांनी काचेच्या तबकडीवर काळं फडकं पसरलं, त्यावर तांदूळ ओतले आणि मोठं भिंग घेऊन वाकले.  एक एक दाणा बाजूला सारत होते. मग उठले, दिवा जवळ ओढला, सोमीमायचा डावा डोळा बराच वेळ पाहिला, आणि पुन्हा तांदळांकडे आले.

"ह्या डोळ्यात सुई गेली आहे," ते म्हणाले. "ताप नव्हता. सुई."

ह्यांनी मराठीत सांगितलं. सोमीमायची बोटं मांडीवर थांबली.

"दोनदा गेली. पहिल्यांदा तो माणूस चुकला, मग त्याने पुन्हा घातली. फार जुनी गोष्ट. तुम्ही तरुण होता."

सोमीमायचा हात तोंडावर गेला. "दोनदाच! आगं बाय, दोनदाच! मी माज्या नवऱ्याला पन नाय सांगितला." आणि मग जे तिच्या तोंडून सुरू झालं ते थांबेना. मोखाड्याच्या बाजारात डोळ्यातला पडदा सुईने सारणारा एक फिरता सुईवाला आला होता. तिच्या डाव्या डोळ्यात जरासा पडदा आला होता, बी निवडताना अडायचं. घरात कोणाला न सांगता ती त्याच्यापुढे बसली. दर पावसाळ्यात डोळा लाल होतो, ठणकतो, दिव्याकडे बघवत नाही. तेव्हा उजव्यातूनही पाणी येतं. ती बोलत होती, हे भराभर इंग्रजी करत होते, आणि प्रोफेसर लिहून घेत होते. शेवटी ती पाठ टेकून बसली आणि मला म्हणाली, "हा खरा. याच्या हातात सुरी देते मी."

घरी येताना हे माझ्या चार पावलं पुढे चालत होते. मला वाटलं रागावलेत. पण जिन्यात थांबून म्हणाले, "दोन टोचे आहेत गं. मला दिव्यात दाखवले त्यांनी. दहा वेळा बघितला मी तो डोळा, मला एकही दिसला नाही."  मी त्यांची टोपी सरळ केली.

मिरग

आधी डाव्या डोळ्यातली धग शमवायची, मग उजव्याला हात. म्हणजे महिनाभर थांबणं आलं, आणि मिरग काही गाठता येणार नव्हता. हे सोमीमायला सांगायचं काम माझ्यावर आलं. गेल्या वर्षीचं बी तिने जवळजवळ आंधळेपणी निवडलं होतं. तेच आता तिच्याविना पेरलं जाणार. ती खूप वेळ पायमोज्यांचा धागा ओढत राहिली. मग म्हणाली, "यंदाचा जाऊं दे. डोला आला तं पुढचा माजा."

तो महिना मजेत गेला हे सांगायला मला संकोच वाटतो, पण तो मजेत गेला. बागेतल्या झाडांना पांढऱ्या फुलांचे तुरे आले. फ्राऊ हेडविगनी आम्हाला गाण्याच्या जलशाला नेलं. तिथे ह्यांना झोप लागली, आणि सोमीमाय मात्र पायाने ठेका धरून शेवटपर्यंत बसली. "आमच्या तारप्यावानी नाय," तिथल्या तुतारीवाल्याला आमच्या डोंगरातल्या फुंकवाद्याशी ताडून पाहत ती म्हणाली, "पन श्वास लांब हाय त्याचा." हे रोज सकाळी प्रोफेसरांच्या दवाखान्यात जाऊ लागले. बघत, विचारत, वह्या भरत. घरी आले की माझ्या डोळ्यांत दिवा धरून सराव करत.

मग शस्त्रक्रिया झाली. त्यानंतर नऊ दिवस दोन्ही डोळ्यांवर पट्टी, पाठीवर निश्चल पडणं, खोकायचं नाही, हसायचं नाही. न हसणं सगळ्यात कठीण गेलं, कारण फ्राऊ हेडविग दिवसातून तीनदा येऊन 'राम राम' म्हणायच्या. मी तिला भरवत असे. ती विचारायची, "पाऊस आला असंल का गं घरी?" मी म्हणायचे, असेल. मला रात्री झोप लागत नसे. हा डोळा गेला तर मी हिला घेऊन सूर्यमाळेचा चढ कोणत्या तोंडाने चढू, असं वाटायचं.

दहाव्या दिवशी पट्टी सुटली. प्रोफेसरांनी लोखंडी चौकटीत एक जाड भिंग बसवून तिच्या नाकावर ठेवलं आणि दोन बोटं समोर धरली. "किती?"

सोमीमाय गप्प.

त्यांनी तीन बोटं धरली. गप्प. ह्यांनी टोपी छातीशी धरली.  ती प्रोफेसरांकडे तोंड करून बसली होती, मान किंचित वाकडी, अगदी स्थिर. मग तिचं बोट हळूहळू वर आलं आणि प्रोफेसरांच्या काळ्या जाकिटावर टेकलं.

"बाय," ती मला म्हणाली, "याचा तिसरा गुंडा पांढऱ्या दोऱ्यानं लावलाय. बाकीचे काल्यानं हायत. याच्या घरात कोन बाय नाय का?"

ह्यांनी भाषांतर करायला तोंड उघडलं आणि मध्येच तोंड फिरवून डोळे पुसू लागले. मी रडत होते. प्रोफेसरांना काय चाललंय ते कळेना, म्हणून मीच त्यांच्या बटणाकडे बोट केलं. त्यांनी खाली पाहिलं, आणि इतके हसले की त्यांना खुर्ची लागली. मग म्हणाले, बायको जाऊन दोन हिवाळे झाले, काळा दोरा कुठे ठेवायची ते तिने सांगितलंच नाही.

निघायच्या दिवशी सोमीमायने नवा चष्मा लावून स्वतः सुई ओवली. पहिल्याच खेपेला. प्रोफेसर जाकीट काढून सदऱ्यावर उभे राहिले, आणि तिने तो गुंडा काळ्या दोऱ्याने पक्का केला. दोरा दातांनी तोडला. "राम राम," म्हणाली. ते तांदूळ प्रोफेसरांनी परत दिले नाहीत. त्यांच्या मेजावर एका काचेच्या भांड्यात ते ठेवलेले मी पाहिले.

पुन्हा जव्हार

आम्ही पोचलो तेव्हा आवणी, म्हणजे भाताची लावणी, चालू होती. सोमीमाय सरळ सूर्यमाळेला गेली, आणि दसऱ्यापर्यंत तिची काही खबर नाही. दसऱ्याला ती दरबारात आली. महाराज उठून पुढे आले. तिने चष्म्यातून त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं, गालावरून हात फिरवला आणि म्हणाली, "सुकला नायस रं. उगाच बोलत होते मी." ह्या वेळी महाराज सगळ्यांच्या आधी हसले.

तिथून ती आमच्या घरी आली. टोपलीत नव्या भाताचे तांदूळ, नुकते कांडलेले. मला म्हणाली, "बाय, चूल पेटव." मी भात केला. तिला वाढायला गेले तर तिने ताट ह्यांच्यापुढे सरकवलं.

"मी नवा खाल्ला नाय अजून. ज्यानं बरा केला त्याला आधी. तो लांब हाय. तू त्याचा चेला. तू खा."

भगताचा चेला! ज्या माणसाने अख्ख्या जव्हार संस्थानातल्या भगतांविरुद्ध दोनदा अर्ज लिहिले, त्याला. मी ह्यांच्याकडे पाहिलं नाही, कारण मला हसू आवरलं नसतं. पण हे ताटाकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "माय, मला ते टोचे दिसले नव्हते. दहा वेळा बघून दिसले नव्हते. मी कसला चेला?"

"तवा नाय दिसले," सोमीमाय म्हणाली. "आता दिसतील. खा."

ह्यांनी पहिला घास घेतला.  मग तिने घेतला, मग मी. नव्या भाताला गोड वास होता.

जेवण झाल्यावर तिने कनवटीची एक पुडी काढून ह्यांच्यापुढे ठेवली. पळसाचं पान, वर दोऱ्याची गाठ. "माज्या शेजारनीची. चालत आनलीय तिला. काय सांगनार नाय ती."

बाहेर ओटीवर एक बाई डोळ्याला फडकं लावून बसली होती. तोंडातून अक्षर काढत नव्हती. ह्यांनी हात धुतले, पुडी सोडली, तांदूळ ताटलीत पसरले आणि कोनाड्यातलं भिंग मागितलं.